पांढरे पक्वान्न

बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या वाटेने सुमारे वीस किलोमीटर गेले की असीरगड दिसू लागतो. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने हा गड बहादूरशहा फारुकीकडून घेतला. त्या वेढ्याच्या जेझुइट वृत्तांतात गडाच्या रक्षकांमध्ये सात पोर्तुगीज असल्याचा उल्लेख आहे. आजचे आपले पक्वान्न त्या सातजणांच्या मायदेशातले होय. त्याचे नाव ‘मंझार ब्रांकू’, म्हणजे पांढरे खाद्य. आपल्या मांजराशी त्याचा काही संबंध नाही, हे बालश्रोत्यांसाठी आधीच सांगून ठेवतो. फ्रेंच लोक त्यालाच ‘ब्लांमांझे’ म्हणत.

हे गोड पक्वान्न मुळात कोंबडीचे होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. चौदाव्या शतकातल्या इंग्रज राजवाड्याच्या पाककृतींत कोंबडीचे मांस, तांदूळ, बदामाचे दूध आणि साखर असे त्याचे घटक दिलेले आहेत. लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ मध्ये गोव्यात येऊन आर्चबिशपांचा चिटणीस झाला. मलाक्केकडच्या दुरियन फळाचे वर्णन करताना त्याच्या १५९६ च्या ग्रंथात ह्याच पक्वान्नाची उपमा योजिलेली आहे. कोइंब्रा शहरी अजूनही ते मातीच्या लहान ताटल्यांतून मिळते, आणि तुर्कस्तानात त्याचे भावंड ‘तावुक ग्योसू’, अर्थात कोंबडीची छाती, ह्या नावाने नांदत आहे.

मग बदाम कशाला? ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य असे. तेव्हा स्वयंपाकी कोंबडी वगळून बदामाच्या दुधावर काम भागवीत. म्हणजे शाकाहारी मंझार ब्रांकू ही काही आपण आज केलेली पळवाट नव्हे. तिला जुना आधार आहे. शिवाय तांदूळ, साखर, गुलाबपाणी हे सारे पूर्वेकडून अरबांच्या हातून युरोपात गेले. फिरनी खाणाऱ्या माणसाने ह्या पदार्थाला परका मानण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमध्ये १८५४ साली मक्याच्या पिठाचे पेटंट निघाले, आणि पुढे पाकिटातल्या गुलाबी खळीलाच लोक ब्लांमांझे म्हणू लागले. त्या खळीची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांनी मूळ पदार्थाविषयी ग्रह करून घेऊ नये.

आता कृती. पन्नास ग्रॅम बदाम रात्री भिजवून सोलावेत व अर्धी वाटी पाण्यात गंधासारखे वाटून पातळ फडक्यातून पिळून घ्यावेत. कडू बदाम निघाला तर टाकून द्यावा; त्यात विषारी अंश असतो. साठ ग्रॅम मोदकाची पिठी थोड्या थंड दुधात कालवावी. अर्धा लिटर दुधातले उरलेले दूध तापवून ते ह्या कालवणात हळूहळू ओतावे. उलट केल्यास, म्हणजे कोरडी पिठी उकळत्या दुधात टाकल्यास, प्रत्येक गाठीचे वरचे आवरण तत्काळ शिजते आणि आत कोरडे पीठ कोंडून राहते.

नंतर बदामाचे दूध घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे सतत ढवळावे. पाऊण वाटी साखर मिश्रण दाटल्यावरच घालावी. आधी घातली तर ती पाणी स्वतःकडे ओढून घेते व पिठी फुगण्यास वेळ लागतो. साखरेने मिश्रण किंचित सैल होईल, त्याने घाबरू नये. पळी फिरविल्यावर क्षणभर तळ दिसला की उतरवावे आणि चमचाभर गुलाबपाणी घालावे. ज्यांना अस्सल हवे, त्यांनी शिजवलेल्या कोंबडीच्या छातीचे सुताएवढे बारीक तंतू काढावेत, थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन वास घालवावा आणि पिठीबरोबरच ते दुधात शिजवावेत. चार माणसांना मूठभर पुरेत. जास्त घातले तर त्याला पक्वान्न म्हणवणार नाही.

भांडे थंड पाण्याने विसळून न पुसता त्यात मिश्रण ओतावे, म्हणजे वडी सुटून येते. मातीचा परळ मिळाल्यास अधिक चांगले, कारण माती जादा पाणी शोषून घेते. मात्र त्यातच वाढावे, उपडे करू नये. शीतकपाटात चार तास ठेवावे. वर तळलेल्या बदामांचे काप पेरावेत. दुसऱ्या दिवशी कडेने पाणी सुटू लागते, तेव्हा ते केले त्याच दिवशी संपवावे. निमाडच्या वैशाखात तर कपाटाबाहेर तासभरही ठेवू नये.