वसमतच्या जमिनीखालचा गडगडाट

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुका एरवी ओळखला जातो तो हळदीसाठी. गेल्या काही वर्षांत मात्र तालुक्यातील पांगरा शिंदे हे गाव आणि त्याचा परिसर वेगळ्याच कारणाने वृत्तपत्रांत येत राहिला. जमिनीच्या पोटातून अचानक गडगडाट होतो, भांडी वाजतात आणि माणसे घराबाहेर धाव घेतात. बातम्यांचे मथळे ठरलेले : 'भूगर्भातून गूढ आवाज'. आवाज भीतिदायक आहे हे खरे. पण तो गूढ मात्र नाही.

आवाज ऐकला की खाली ज्वालामुखी खदखदत असावा, अशी शंका पहिल्यांदा मनात येते. तिला थोडा आधारही आहे, पण तो फार जुना. वसमतची काळी जमीन ज्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली, तो खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचा आहे. थरावर थर साचत दख्खनचे पठार घडले. पुढे ऊन, पाऊस, वनस्पती आणि सूक्ष्म जीव यांनी त्या खडकाची माती केली. भूगोलाच्या पुस्तकात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण अशी चार वेगळी प्रकरणे असतात. हळदीच्या वाफ्यात ती एकत्रच नांदतात. लाव्हा पुरवणारा तो उष्ण स्रोत मात्र आता भारताखाली नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि स्रोत मागे राहिला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा जागृत ज्वालामुखी हा त्याचाच अवशेष, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

मग हादरे कशाचे? बेसॉल्टचे आवरण वाटते तितके जाड नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात सुमारे ३३८ मीटरवरच ते संपले आणि त्याखाली अतिप्राचीन, ग्रॅनाइटी जातीचा खडक लागला. या पायाच्या खडकात जुन्या भेगा आहेत. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या मध्यावरील खडकांनाही सोसावा लागतो. एखाद्या जुन्या भेगेवर तो असह्य झाला की खडक किंचित सरकतो. हाच भूकंप. पावसाचे पाणी भेगांत खोलवर मुरून त्यांची पकड सैल करते आणि पावसाळ्यानंतर लहान धक्क्यांची मालिका सुरू होते, असेही काही ठिकाणी आढळले आहे.

खडक सरकताच निघणाऱ्या प्राथमिक लहरी सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावतात. त्या पृष्ठभागाशी पोहोचल्या की जमीन ढोलाच्या पानासारखी थरथरते आणि वरची हवा कंप पावते. कंपने सेकंदाला वीसहून अधिक असली की ती कानाला ऐकू येतात. दूरच्या मोठ्या भूकंपातील जलद कंपने वाटेतच विरतात. जवळच्या, उथळ आणि लहान भूकंपातील मात्र वरपर्यंत टिकतात. टणक खडकात तर ती फारशी क्षीणही होत नाहीत. म्हणूनच काही वेळा आवाज येतो आणि धक्का जाणवतही नाही.

हे सारेच धक्के मात्र नगण्य नव्हते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने बसले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. तो परभणी आणि नांदेडपर्यंत जाणवला. आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, म्हणजे ४.५ च्या धक्क्याहून ऊर्जेने साडेतीनशे पटींच्या आसपास मोठा.

लहान धक्क्यांनी साठलेला ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, हा दिलासा अनेकदा दिला जातो. वरचे गणित पाहता तो फार भरवशाचा नाही. उलट, लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदीच, असेही ठामपणे म्हणता येत नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणाजवळ नाही.

वसमतपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे जे घडले, त्याआधी तो परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवला जात होता. २००२ च्या सुधारणेत हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. सुमारे दहा हजार माणसे दगावली, त्यांतील बहुतेक घरांखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती दोन पदरी होत्या आणि दोन्ही पदरांना सांधणारे आडवे दगड त्यांत नव्हते. वर उन्हाळ्यात गारवा देणारे, मातीचे जाड माळवद होते. जमीन हलताच भिंतीचे पदर सुटले आणि माळवदाचा सारा भार झोपलेल्यांवर आला. हिंगोली, परभणी, नांदेडच्या जुन्या वस्त्यांत अशी माळवदाची घरे अद्याप उभी आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सांधणी करणे, छताखाली चारही भिंतींना बांधणारा सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा घालणे आणि माळवदावरील मातीचा थर कमी करणे, या दुरुस्त्या घर न पाडताही करता येतात.