आज्ञापंक्तीतील शब्दपूर्ती

आज्ञेची पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द आपोआप उमटतो, हा आज्ञापंक्तीवर काम करणाऱ्यांचा नित्याचा अनुभव होय. टेनेक्स या प्रणालीतील अशाच सोयीवरून केन ग्रिअर यांनी ती यूनिक्सच्या सी-शेलमध्ये आणली. पुढे २००० साली बॅश शेलने तिचे नियम लिहिण्याचे स्वातंत्र्य प्रोग्राम लिहिणारास दिले.

शेलला स्वतःला मुख्यतः आज्ञांची व फाइलींची नावे ठाऊक असतात. एखाद्या प्रोग्रामला कोणते शब्द चालतात हे ठाऊक नसते. म्हणून बॅशमध्ये 'कम्प्लीट' या आज्ञेने त्या प्रोग्रामच्या नावाशी एक फलन जोडावे लागते. टॅब दाबताच फलनास पंक्तीतील सर्व शब्द आणि चालू शब्दाचा क्रमांक मिळतो. ते योग्य शब्द 'कॉम्परिप्लाय' या यादीत ठेवते. शब्द एकच असेल तर तो पुरा होतो. अनेक असतील तर त्यांचा समान आरंभ तेवढा भरला जातो.

समजा, 'कोश' नामक प्रोग्रामला 'शोध' आणि 'जोड' अशा दोन उपाज्ञा आहेत. 'शोध'नंतर बोलीचे नाव यावयाचे, तर 'जोड'नंतर फाइलीचे. म्हणजे पूर्वपदांवरून पुढील स्थानी येऊ शकणाऱ्या पदांचा गण ठरतो. भाषाशास्त्रात ज्यास अन्वयसंबंध व गणसंबंध म्हणतात, त्यांचेच हे लहानसे उपयोजन होय. मात्र प्रोग्राम बदलला आणि फलन तसेच राहिले, तर हे व्याकरण खोटे ठरते. यास्तव उमेदवार शब्द प्रोग्रामकडूनच मागवून घेणे श्रेयस्कर.

देवनागरी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. शेल अक्षरे जुळविते ती युनिकोडच्या चिन्हांनुसार, लिपीतील अक्षरांनुसार नव्हे. 'अर्थ' आणि 'अर्ज' यांचा समान आरंभ 'अर्' असा हलन्तापाशी तुटतो. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र तर दोन रीतींनी लिहिता येतो : 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा 'र'ला हलन्त व त्यापुढे अदृश्य संधिचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. शेलला ती भिन्न वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हा भेद मिटत नाही. परिणामी समोर असलेली फाइल टॅबला सापडत नाही, आणि ती नाहीच असा अभ्यासकाचा ग्रह होतो. तेव्हा बोलीसंग्रहांच्या फाइलींना नावे देतानाच एक लेखनरीत ठरविणे आवश्यक आहे. शब्दपूर्तीची विश्वसनीयता अखेर त्यावरच अवलंबून राहते.