दार ठोठावणारा प्रभू : एका चित्राचे वाचन

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील अनेक ख्रिस्ती घरांत बंद दारापाशी उभ्या असलेल्या प्रभूचे चित्र भिंतीवर दिसते. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी, अशी आपल्या मंडळ्यांची भाषिक स्थिती आहे. आजीचे गीतांचे पुस्तक नातवाला वाचता येतेच असे नाही. चित्र मात्र दोघेही पाहतात. म्हणून आपले लोक या चित्रातून कोणता अर्थ घेतात, याचा विचार पाळकांनी व धर्मशिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

चित्राचे मूळ

१८४८ साली लंडनमध्ये सात तरुणांनी ‘प्री-रॅफेलाइट बंधुमंडळ’ स्थापन केले. राफाएल या इटालियन चित्रकारानंतरची कला ठरावीक साच्यात अडकली. तेव्हा त्याच्यापूर्वीच्या चित्रकारांची सचोटी पुन्हा अंगी बाणवावी आणि प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष पाहून रंगवावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांपैकी जॉन एव्हरेट मिले याने बाळ येशू सुताराच्या खऱ्याखुऱ्या कारखान्यात, लाकडाच्या ढलप्यांमध्ये दाखविला, तेव्हा १८५० साली चार्ल्स डिकन्सने त्या चित्रावर कठोर टीका केली. देहधारणेचा सिद्धांत मुखाने मान्य करणाऱ्या समाजाला तो डोळ्यांनी पाहणे जड गेले, असाच याचा अर्थ होतो.

याच मंडळातील विल्यम होलमन हंट याने १८५१ ते १८५३ या काळात ‘जगाचा प्रकाश’ हे चित्र काढले. रात्रीची वेळ, बंद दार, उंबऱ्याशी माजलेले रान, गंजलेले लोखंड, खाली पडलेली सफरचंदे आणि हाती कंदील घेतलेला प्रभू असे त्याचे स्वरूप आहे. दाराला बाहेरून कडी नाही. ते आतूनच उघडावयाचे आहे. आरंभी पुष्कळांना हे चित्र उमगले नाही. तेव्हा मे १८५४ मध्ये जॉन रस्किन याने ‘टाइम्स’ वृत्तपत्रात पत्र लिहून त्याचा अर्थ उलगडला. ऊरपट व मुकुट ही याजकत्वाची व राजत्वाची चिन्हे होत. कंदिलाचा प्रकाश हा पाप दाखविणारा सद्सद्विवेकाचा प्रकाश, तर मस्तकाभोवतीचा प्रकाश हा तारणाच्या आशेचा.

वृद्धापकाळी हंटने याच चित्राची मोठी आवृत्ती केली. ती १९०५ ते १९०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांत फिरविण्यात आली व पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आली. अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमन याने १९४० नंतरच्या दशकात हाच विषय घेतला. त्याच्या चित्रात प्रकाशाला हृदयाचा आकार आला आणि दार म्हणजे व्यक्तीचे अंतःकरण, हा अर्थ पक्का झाला.

वचन काय सांगते?

चित्राचा आधार प्रकटीकरण ३:२० हा आहे. हे वचन सुवार्ता न ऐकलेल्या परक्यांना उद्देशून नाही. ते लावदिकीया येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात येते. ही मंडळी स्वतःला धनवान समजत होती. प्रभूच्या दृष्टीने ती दरिद्री, आंधळी व उघडीवाघडी होती. म्हणजे दाराबाहेर उभा असलेला प्रभू हा मंडळीचाच प्रभू आहे, आणि दार लावून बसले आहेत ते त्याचेच लोक. मूळ ग्रीक क्रियापदांवरून तो येऊन उभा राहिलेला असून अजूनही ठोठावीत आहे, असा भाव निघतो. त्याने देऊ केलेले भोजनही घाईचा घास नसून संध्याकाळचे सावकाश जेवण आहे.

मराठी मनाला बंद दाराची ही व्यथा अपरिचित नाही. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत दुखावलेला बंधू आत दार लावून बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून विनवीत आहे. आत बसलेला तेथे परका नाही, घरचाच आहे. दोन्ही प्रसंगांचा सिद्धांत एक नाही, कारण लावदिकीयेच्या दाराशी उभा असलेला न्यायाधीशही आहे. परंतु घरच्या माणसानेच दार लावावे, ही वेदना समजावून देण्यास हा दाखला उपयोगी पडेल.

अर्थ सांगणाऱ्याचे घर

या शैलीच्या उत्तर काळात बायबल व धर्मग्रंथांच्या सचित्र आवृत्त्या पुष्कळ निघाल्या. १८७२ साली मद्रास येथे जन्मलेला बायम शॉ हा त्या पिढीतील एक चित्रकार. बन्यनच्या ज्या ग्रंथासाठी त्याने चित्रे काढली, तो हरि केशवजी यांनी १८४१ सालीच ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणला होता. त्या कथेत यात्रिक स्वतः दार ठोठावतो व त्याला आत घेतले जाते. तेथे मत्तय ७:७ चा आधार आहे. हंटच्या चित्रात ठोठावणारा प्रभू आहे. मनुष्याचा शोध आणि देवाचा पुढाकार या दोहोंचे शिक्षण एकत्र दिले तरच ते पूर्ण होते.

त्याच कथेत यात्रिक पुढे अर्थ सांगणाऱ्याच्या घरी येतो. घरधनी प्रथम दिवा लावावयास सांगतो आणि मग भिंतीवरील एक चित्र दाखवितो. ते चित्र विश्वासू उपदेशकाचे असते. आपल्या सेवेचे स्वरूप यात नेमके आले आहे. चित्र भिंतीवर असणे पुरेसे नाही. त्यापाशी दिवा घेऊन उभे राहणारा कोणी तरी हवा, आणि तो दिवा वचनाचा हवा (स्तोत्र ११९:१०५).

म्हणून गृहभेटीच्या वेळी हे चित्र दिसल्यास त्याच्याखाली बसून प्रकटीकरण ३:१४–२२ हा संपूर्ण भाग वाचावा. मुलांना आधी चित्रातील वस्तू मोजावयास सांगाव्यात, अर्थ मागाहून सांगावा. व्यक्तीच्या अंतःकरणाला केलेले आवाहन गाळू नये, कारण वचनातही ऐकणारा व दार उघडणारा एकवचनी आहे. परंतु तेवढ्यावरच थांबूही नये. जातीवरून, भाषेवरून किंवा जुन्या वैरावरून जी मंडळी आपल्याच बंधूला बाहेर ठेवते, तिने आपल्या दारात कोण उभा आहे हे विचारावे. शेजाऱ्याचे अंतःकरण बंद आहे असे सांगण्यासाठी हे चित्र वापरणे सोपे आहे. ते प्रथम आपल्या उपासनामंदिराच्या दाराशी धरून पाहणे, हे पाळकाचे काम आहे.