डेव्हिडचा तारा आणि ख्रिसमसची रात्र

'द नाइट बिफोर' (2015, दिग्दर्शक जोनाथन लिव्हाइन) हा चित्रपट वरवर तीन मित्रांच्या धांगडधिंग्याचा वाटतो. खरं तर तो एक महत्त्वाची गोष्ट सांगतो: सण आपला नसला, तरी मैत्रीमुळे तो आपला होऊ शकतो, आणि त्यासाठी आपली ओळख पुसावी लागत नाही. 2001 मध्ये या तिघांपैकी ईथनचे आईवडील गेले. तेव्हापासून बाकीचे दोघे, आयझॅक आणि ख्रिस, दर ख्रिसमसच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासोबत असतात. आयझॅक (सेथ रोगन) ज्यू आहे. त्या रात्री त्याच्या स्वेटरवर डेव्हिडचा तारा झळकतो, तर ख्रिसच्या स्वेटरवर कृष्णवर्णीय सांता. सण एकच, पण प्रत्येक जण स्वतःच्या रूपात हजर.

नशेत आयझॅक चर्चमध्ये घोळ घालतो, हा धर्माचा अपमान नाही का, असा आक्षेप येईल. पण त्या प्रसंगात हसं होतं ते श्रद्धेचं नव्हे, आयझॅकच्या घाबरगुंडीचं. येशूला आम्ही मारलं नाही, असं तो ओरडतो, त्यामागे शतकानुशतकं ज्यूंवर लादलेला आरोप आहे. तो सरसकट सगळ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते 1965 मध्ये. ही भीती पाहुण्याच्या मनात किती खोल असते, हे विनोद क्षणात दाखवतो. ज्यूंचा हनुक्का सण कथेत जवळजवळ नाहीच, ही उणीव मात्र मान्य करायला हवी. तरीही चित्रपट जरूर पाहा, आणि त्या स्वेटरांकडे नीट लक्ष द्या.