तोंडाला सतत कोरड? वयाला दोष देऊ नका!

कार्तिक महिन्यातला शेवटचा सोमवार जवळ आला, की बेंगळुरूच्या बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. ज्या नंदीच्या देवळावरून या भागाला नाव मिळाले, त्याच्यासमोर भरणारी ही 'कडलेकाई परिशे', म्हणजेच शेंगांची जत्रा. नव्या पिकातल्या शेंगा नंदीला वाहायच्या आणि भाजलेल्या-उकडलेल्या शेंगा खात हिंडायचे!

अशा जत्रेत एखादे आजोबा चार दाणे तोंडात टाकतात आणि अडखळतात. दाणे चावले जातात, पण घास होत नाही. भुगा टाळ्याला चिकटून बसतो. घोटभर पाणी प्यायल्यावरच तो खाली उतरतो. "आता वय झालं रे!" म्हणत आजोबा पुडा नातवाच्या हाती देतात.

खरेच हा वयाचा दोष असतो का? बहुतेक वेळा नाही. वयाबरोबर लाळ थोडी कमी होत असेल. पण तोंड सतत कोरडे पडण्यामागे सहसा दुसरेच कारण दडलेले असते.

लाळेचे काम

कानांच्या पुढे, खालच्या जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, गाल व टाळ्यात शेकडो लहान ग्रंथी असतात. या सर्व मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळ घास ओला करते, चव जिभेपर्यंत पोहोचवते आणि खाल्ल्यानंतर तोंडात तयार होणारे आम्ल सौम्य करते. तिच्यातल्या कॅल्शियम व फॉस्फेटमुळे दातांची बारीकसारीक झीज भरून निघते. म्हणजे लाळ हा दातांचा चोवीस तासांचा पहारेकरीच!

पहारेकरी रजेवर का जातो?

सर्वांत मोठे कारण म्हणजे औषधे. सर्दी व अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची व झोपेची काही औषधे, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, रक्तदाबासाठीची काही औषधे, अशा शेकडो औषधांनी तोंड कोरडे पडते. वय वाढते तशी गोळ्यांची संख्या वाढते, आणि दोष मात्र वयाच्या माथी बसतो.

आटोक्यात नसलेला मधुमेह, तोंड उघडे ठेवून झोपण्याची सवय, चिंता आणि तंबाखू हीही कारणे आहेत. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांच्या लाळग्रंथींना इजा होते. स्यॉग्रेन नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्यॉग्रेन यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हा आजार बहुतांशी स्त्रियांना, विशेषतः मध्यम वयात होतो. तोंडाबरोबर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुर्लक्ष केले तर?

दात झपाट्याने किडू लागतात, तेही हिरडीलगत, जिथे सहसा कीड लागत नाही. जीभ चिरते, तिखट झोंबते, तोंडाला वास येतो. बुरशीमुळे ओठांचे कोपरे फाटतात. कवळी टिकत नाही, टोचते. मग माणूस भाकरी, शेंगा, चिवडा सोडून देतो, चारचौघांत जेवायचे टाळतो. त्यातच कोरड घालवण्यासाठी गोड गोळ्या चघळण्याची सवय लागते. लाळ नसलेल्या तोंडात ही साखर दातांवर बसून राहते आणि कीड आणखी वाढवते. आंबट गोळ्यांतले आम्लही दातांना तितकेच वाईट.

काय करावे?

घरातल्या सर्व गोळ्यांची यादी करून ती डॉक्टरांना दाखवा. वेळ किंवा मात्रा बदलून, अथवा पर्यायी औषध देऊन पुष्कळदा त्रास कमी होतो. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका! लाळ खरोखरच कमी आहे का, हे पंधरा मिनिटे लाळ एका भांड्यात गोळा करून मोजता येते. ती दीड मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर पुढील तपासण्या कराव्या लागतात.

घरी पुढील गोष्टी कराव्यात :

• दिवसभर घोट घोट पाणी प्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टरांचे ऐकावे आणि नुसती चूळ भरावी.

• साखरविरहित च्युइंगम चघळावे. चावण्याने लाळ सुटते.

• जेवणात वरण, कढी, ताक, सार असे पातळ पदार्थ वाढवावेत. भाकरी कुस्करून खावी.

• फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोनदा दात घासावेत. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे.

• कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी.

• चहा-कॉफी बेताने घ्यावी. तंबाखू, गुटखा, सुपारी आणि दारू बंद.

• दर सहा महिन्यांनी, त्रास जास्त असल्यास त्याआधीच, दंतवैद्यांना दाखवावे.

एवढ्याने भागले नाही, तर कृत्रिम लाळेचे फवारे व जेल मिळतात. लाळ वाढवणारे पायलोकार्पिन हे औषधही आहे. पण दमा किंवा काचबिंदू असलेल्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून ते केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी शेंगांचा पुडा बाजूला सारला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहा. कदाचित पुढच्या कार्तिकात आजोबा पुडा स्वतःकडेच ठेवतील!