ध्वनिकेबलींची सांधणी

ध्वनिकेबलींची सांधणी : ध्वनीचे विद्युत् संकेत वाहून नेणारी केबल तुटल्यास अथवा तिची लांबी वाढवावयाची असल्यास आतील प्रत्येक तार ओळखून ती जोडीच्या तारेशी जोडण्याची क्रिया. प्रत्यक्ष जोडकाम अवघड नसते. चुका होतात त्या तारा ओळखण्यात. हेडफोनच्या केबलीत पुष्कळदा तांबडी तार उजव्या बाजूची, हिरवी किंवा निळी डाव्या बाजूची व तांब्याच्या मूळ रंगाची तार दोहोंची सामाईक परतीची असते. परंतु हा उत्पादकांचा प्रघात आहे, मानक नव्हे. म्हणून रंगावर न विसंबता मापनाने खात्री करून घेतात.

हेडफोनच्या बारीक तारांवरील रंग हा वस्तुतः विद्युत् निरोधक लेप असतो. तो खरवडून किंवा तापलेल्या सोल्डरमध्ये टोक बुडवून जाळल्याशिवाय मापकावर काहीच नोंद मिळत नाही आणि धड तारही तुटलेली भासते.

प्लगच्या बाजूच्या तुकड्यात कोणती तार प्लगच्या कोणत्या भागाशी जोडलेली आहे, हे मापकाने थेट कळते. तीन भागांच्या प्लगचे टोक डाव्या बाजूसाठी, मधले कडे उजव्या बाजूसाठी व बुडाचा भाग सामाईक असतो. हेडफोनच्या बाजूस तीन तारा असल्यास दोन-दोन तारांमधील रोध मोजतात. दोन जोड्यांत तो प्रत्येकी सुमारे ३० ओहम व तिसरीत सुमारे ६० ओहम आढळला, तर तिसऱ्या जोडीत नसलेली तार सामाईक होय. कारण त्या जोडीत दोन्ही श्रवणघटक एकसरीत येतात. मग सामाईक व दुसऱ्या एका तारेला १.५ व्होल्टच्या विद्युत् घटाचा क्षणभर स्पर्श केला असता ज्या कानाशी कट्ट असा आवाज होतो, त्या बाजूची ती तार समजतात.

चार तारांच्या केबलीत प्रत्येक बाजूची परतीची तार वेगळी असते व फक्त दोनच जोड्यांत रोध मिळतो. येथे एकाच जोडीतील तारांची अदलाबदल झाल्यास दोन्ही कानांना आवाज येत राहतो, पण खर्जातील स्वर क्षीण होतात. सामाईक तार न जुळल्यास होणारा परिणाम अधिक चमत्कारिक असतो : दोन्ही बाजूंच्या संकेतांतील फरक तेवढा ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो व वाद्ये मात्र वाजत राहतात.

मायक्रोफोनच्या संतुलित केबलीत दोन तारा व त्यांभोवती जाळीचे कवच असते. तीन खिळ्यांच्या एक्सएलआर जोडणीत पहिला खिळा कवचाचा, दुसरा धन व तिसरा ऋण संकेताचा असतो. काही जुन्या अमेरिकी उपकरणांत मात्र तिसरा खिळा धन असे. कवच सांध्यावरही सलग ठेवावे लागते, अन्यथा गुणगुण शिरते.

तारा एकमेकींत पिळून सोल्डरने पक्क्या करतात. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३° से.ला वितळते; शिसेविरहित सोल्डरला याहून अधिक तापमान लागते. राळेचा अभिवाह वापरतात, कारण आम्लयुक्त अभिवाहाने बारीक तारा गंजतात. सर्व सांधे एकाच जागी न आणता थोडे मागेपुढे ठेवतात, म्हणजे एक सांधा दुसऱ्याला टेकत नाही. उष्णतेने आकसणारी नळी जोडण्यापूर्वीच केबलीवर ओवून दूर सरकवावी लागते. तारांबरोबर असलेल्या बळकटीच्या धाग्यांची गाठ मारतात, म्हणजे ओढ सांध्यावर न येता त्या गाठीवर येते.