वेताचं हाड

इटलीतलं फाएन्झा हे मातीच्या भांड्यांचं गाव. झिलईच्या भांड्यांना ‘फाइआन्स’ हे नाव पडलं ते याच गावावरून. तिथल्या सरकारी सिरॅमिक संशोधन संस्थेत आना ताम्पिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेतापासून नवं हाड वाढण्यासाठी सांगाडा घडवला. त्यांचा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला.

अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला, तर ते आपोआप भरून येत नाही. सहसा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं बसवतात. पण ते मिळतं थोडंच, आणि ते काढताना दुसरी जखम होते.

हाड रचणाऱ्या मूळ पेशी अस्थिमज्जेत असतात, हे १९६०च्या दशकात मॉस्कोत संशोधक फ्रिडेनश्टाइन यांनी दाखवलं. २००१ साली इटली आणि रशियातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांच्या मज्जेतल्या पेशी वाढवून सच्छिद्र सिरॅमिकवर पेरल्या. हाडं जुळून आली. मात्र असं सिरॅमिक शरीरात फार सावकाश झिजतं. पेशी होत्या, त्यांना हवं तसं घर नव्हतं.

वेत ही ताडाच्या कुळातली वेल. तिचा काप घेतला की पाणी वर नेणाऱ्या उभ्या नळ्या दिसतात. हाडातही रक्तवाहिन्यांसाठी अशाच लांबट वाटा असतात. खोलवर रक्त पोचलं तरच मूळ पेशी जगतात आणि हाड रचतात. म्हणून सांगाड्यात भिंतीइतकीच पोकळीही मोलाची.

फाएन्झात वेताचा तुकडा हवेविना तापवतात, उरतो कोळसा. त्याला आधी कॅल्शियमची वाफ देतात, मग ऑक्सिजन, मग कार्बन डायऑक्साइड आणि शेवटी फॉस्फेटचं द्रावण. दर पायरीला द्रव्य बदलतं, नळ्या तशाच राहतात. हाती येतं ते हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाचं सख्खं भावंड.

कुंभाराच्या रीतीनं भुकटी दाबून भट्टीत भाजली, तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. इथं भुकटीच नाही, त्यामुळे कण अतिसूक्ष्म राहतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना ते पचवता येतात. जुनं खाऊन नवं रचणं हा तर हाडाचा रोजचा व्यवहार. वेताच्या सांगाड्याची खरी कसोटी तीच: आधी भार पेलायचा, आणि पेशींनी आपलं हाड उभं केलं की त्यांच्यासाठी जागा सोडायची.